वकिलाच्या पोराचा कौल

परशरामराव वकिलांना बोलायला एक खुर्ची आणि समोर दोन माणसं एवढं पुरत असे. खुर्ची नसली तरी अडत नसे. बेळगावच्या कोर्टात त्यांच्याहून मोठे वकील पुष्कळ होते, पण ज्याचं बोलणं आवरायला मुन्सफसाहेबांना खिशातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवावं लागे, असा वकील तो एकच.

कंग्राळीच्या शेतकऱ्याच्या घरातला हा पहिला वकील. आजा नांगर धरून गेला, बाप नांगर धरून गेला, आणि परशराम वारावर जेवून, देवळात झोपून शिकला. काळा कोट घालून तो पहिल्यांदा गावात आला तेव्हा अख्ख्या कंग्राळीनं त्याला हलगी लावून वेशीतून घरी नेलं. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी घेतलं, की आपलं आयुष्य हा एक धडा आहे आणि तो चार लोकांना वाचून दाखवणं हे आपलं कर्तव्य आहे. चार लोकांना तो ऐकायचा आहे की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

१९३७ सालच्या थंडीत त्यांनी डॉक्टर सुबरावांना आणि ओव्हरसियर आण्णाप्पांना हाताशी धरून ‘विद्यार्थी मार्गदर्शक मंडळ’ काढलं. शिकल्यासवरल्या माणसांनी सुटीच्या दिवशी शाळाशाळांतून जायचं, आपापल्या धंद्याची माहिती पोरांना फुकट सांगायची, आणि पुढं काय व्हावं याचा सल्ला द्यायचा. कल्पना चांगली होती, आणि ती चांगली आहे हे परशरामराव भेटेल त्याला सांगत. ओव्हरसियर पहिल्या दोन सभांना आले आणि मग त्यांना दर सुटीला नेमकं एखाद्या पुलाचं काम निघू लागलं. डॉक्टर मात्र टिकले. त्यांचं भाषण लहान होतं. “अभ्यास फार आहे. एकदा डॉक्टर झालात की झोप नाही. तरीही व्हायचं असेल तर व्हा,” एवढं बोलून ते खाली बसत आणि वकिलांचं भाषण सुरू झालं की डोळे मिटत.

वकिलांचं भाषण ठरलेलं होतं. वकिलीची माहिती थोडक्यात सांगून ते पोरांवरून नजर उचलत आणि मागं बसलेल्या बापांकडं वळत. “बापहो! बाजारात बैल घेता तेव्हा त्याचे दात बघता. त्याला चालवून बघता. नांगराला बरा की गाडीला बरा, याची चौकशी करता. आणि पोटच्या पोराला मात्र न बघता जुंपता! कधी एकदा तरी विचारलंत का, बाळा, तुला काय व्हायचंय?” इथं ते थांबत. इथं टाळ्या पडतच. खानापुरात तर एक म्हातारा रडला होता, आणि ती गोष्ट परशरामरावांनी पुढं महिनाभर बार रूममध्ये सांगितली.

आता आपल्याकडं म्हण आहेच, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परशरामरावांना ही म्हण ठाऊक होती. ती ते विरुद्ध पक्षाच्या वकिलाला लावत.

त्यांचा एकुलता एक पोरगा शामू कोल्हापूरच्या कॉलेजात इंटरला दोनदा आपटला होता. बुद्धीनं मंद नव्हता तो. पुस्तक उघडलं की त्याचं चित्त उडायचं आणि मोटारीच्या इंजिनावरचं टोपण उघडलं की जाग्यावर यायचं, एवढंच. घरी परतल्यापासून तो सकाळी उठून कँपातल्या एका मिस्त्रीच्या मोटार कारखान्यात जाई आणि दिवेलागणीला तेलाचा वास घेऊन घरी येई. मिस्त्री म्हातारा झाला होता. पोराचा हात चांगला आहे, कारखाना हाच पुढं चालवू दे, असं तो म्हणत होता. शामूनं हे आईच्या कानावर घातलं. बापाच्या कानावर घालायची त्याची छाती झाली नाही, आणि बापानं विचारलंही नाही. परशरामरावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की जूनमध्ये शामू पुन्हा कोल्हापूरला जाईल, इंटर होईल, बी. ए. होईल, वकील होईल. कंग्राळीच्या पहिल्या वकिलाच्या पोटी बोल्ट आवळणारा निपजला, असं कुणी म्हणता कामा नये.

एकदा शहापूरच्या शाळेत भाषण होतं आणि बायकांच्या बाजूला त्यांची बायको यशोदाबाईही बसल्या होत्या. घरी आल्यावर ताट वाढता वाढता त्या म्हणाल्या, “आज लई चांगलं बोललासा. माझ्याबी डोळ्यात पानी आलं. आता त्येच जरा घरात बी बोला की.”

“घरातलं वेगळं,” परशरामराव म्हणाले.

“वेगळं कसं? शामूला एकदा इचारा तरी.”

“त्याला काय कळतंय? कळत असतं तर दोनदा नापास झाला असता?”

यशोदाबाईंनी आमटीची वाटी जरा जोरात ठेवली. वकिलाशी वाद घालायचा नाही, हे त्या संसाराच्या पहिल्या वर्षीच शिकल्या होत्या.

एप्रिलात खानापूरच्या पुढं, रानाच्या कडेला असलेल्या जांबगाळी गावच्या ज्योतिबा मास्तरांचं बोलावणं आलं. त्यांच्या शाळेतली सातवीची पोरं यंदा फायनलच्या परीक्षेला बसली होती, पुढं काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं, मंडळानं येऊन चार शब्द सांगावेत. जायचं डॉक्टरांच्या मोटारीनं ठरलं. आदल्या दिवशी डॉक्टरांचा ड्रायव्हर तापानं पडला. डॉक्टर मोकळ्या स्वभावाचे. ते सरळ वकिलांच्या दारात येऊन म्हणाले, “परशरामराव, तुमच्या शामूला द्या उद्या मोटार चालवायला. रानातला रस्ता आहे, माझी छाती होत नाही.”

नाही म्हणायला कारण नव्हतं. परशरामराव मागच्या सीटवर डॉक्टरांशेजारी बसले आणि पुढं बसलेल्या पोराच्या पाठीकडं न बघता भाषणाचे कागद चाळू लागले. खानापूर मागं पडल्यावर चढणीला मोटारीचं पाणी उकळलं आणि टोपणातून वाफ निघाली. डॉक्टर घाबरून उडी मारून खाली उतरले. शामू ओढ्यावरून पाणी घेऊन आला, बाह्या वर सारून आत वाकला, कुठली तरी नळी फडक्यानं गुंडाळली, हँडल मारलं आणि मोटार सुरू झाली. वर बघून तो हसला. इंटरचा निकाल लागल्यापासून हे हसू घरात कुणी बघितलं नव्हतं. परशरामरावांनी ते बघितलं, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं.

जांबगाळीच्या वेशीवर सगळा गाव उभा होता. ज्योतिबा मास्तर पुढं आले. त्यांच्यामागं गावचा वडीलधारा भरमू पाटील, पांढरा पटका बांधून. हार झाले, नारळ झाले. पोरं मोटारीला चिकटली ती चिकटलीच. शामू कोपरापर्यंत काळ्या हातांनी टोपण उघडून इंजिन निवतंय का बघत होता. भरमू पाटलानं त्याच्याकडं बघून विचारलं, “आनि ह्यो पोरगा कोन म्हनायचा, सायब?”

प्रश्न साधा होता. उत्तरही एका शब्दाचं होतं. पण परशरामरावांच्या डोळ्यांपुढं ते काळे हात आले, पुढचा प्रश्न आला, ‘काय शिकतोय?’, आणि त्याचं उत्तर आलं. थोड्याच वेळानं याच लोकांना पोरं कशी वाढवावीत ते सांगायचं होतं.

“डॉक्टरांचा ड्रायव्हर,” ते म्हणाले.

डॉक्टर हार सांभाळत चार पावलं पुढं गेले होते, त्यांना ऐकू गेलं नाही. शामूला गेलं. त्यानं एकदा बापाकडं बघितलं, फडक्यानं हात पुसले, आणि पुन्हा टोपणाखाली वाकला.

जेवायला पाटलाच्या सोप्यात पाट मांडले होते. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वरून साजूक तूप. गावची रीत होती, त्याप्रमाणं ड्रायव्हरला बाहेर कट्ट्यावर गाडीवानांच्या पंगतीत वाढलं. त्यात कुणी त्याचा अपमान केला नाही, ड्रायव्हरला जसं वाढायचं तसं वाढलं. डॉक्टरांनी “शामू कुठंय?” म्हणून मान वळवली, तेव्हा परशरामराव घाईनं म्हणाले, “तो बाहेर बसलाय. मोटारीजवळ कुणी तरी हवं.” रस्सा फार चांगला झाला होता, पण परशरामरावांनी तो दुसऱ्यांदा वाढून घेतला नाही.

भाषण शाळेच्या मंडपात झालं. डॉक्टर उठले, झोप नाही म्हणाले, बसले. मग वकील उठले, आणि काय असेल ते असो, त्या दिवशी ते नेहमीपेक्षा चांगले बोलले. बैलाच्या दातांपाशी येईपर्यंत मागच्या सगळ्या पटक्यांच्या माना डोलत होत्या. “विचारा पोराला!” ते गरजले. “तुमचा मोठेपणा बाजूला ठेवा आणि विचारा!” टाळ्या पडल्या, बाहेर झाडाखालची जनावरं बुजली. मग मास्तरांनी हौसेनं पोरांनाच उभं केलं, सांगा रे, कुणाला काय व्हायचंय? पहिला पोरगा म्हणाला, “डायवर.” दुसराही तेच म्हणाला. तिसऱ्यानं जरा विचार केला आणि तोही डायवरच झाला. सगळा मंडप हसला. परशरामराव सोडून.

सभा संपली. परशरामराव खुशीत होते आणि निघायच्या बेतात होते, एवढ्यात भरमू पाटील हात जोडून पुढं आला. “सायब, सगळं पटलं. आता देवळात चला.”

“दर्शनाला? चला की.”

“दर्शन बी हुईल. कौल लावायचाय पोरांचा.”

रवळनाथाच्या देवळात कौल लावायची त्या बाजूला जुनी वहिवाट. देवाच्या काळ्या पाषाणावर पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी गळाली तर देव हो म्हणाला, डावी गळाली तर नाही म्हणाला. सोयरीक जमवायची असो की बैल विकायचा असो, जांबगाळीत देवाला विचारल्याशिवाय काही होत नसे. आणि आज गाव पोरांच्या पुढच्या शिक्षणाचा निकाल लावायला निघालं होतं.

परशरामराव भडकले. “अहो, तासभर मी घसा कोरडा केला तो कशासाठी? पोराचं आयुष्य काय पाकळ्यांवर ठरवणार तुम्ही?”

“तसं न्हाय, सायब.” भरमू पाटील शांतपणं म्हणाला. “डाक्टर म्हनतील डाक्टर व्हा. तुमी म्हनालासा वकील व्हा. बा म्हनतोय म्हसरं राख, आनि पोरगं म्हनतंय डायवर हुतो. मग कज्जा मिटवायचा कुनी? तुमी वकील हायसा, तुमास्नी काय सांगायचं. दोगांच्या मदी जज्ज नगो का कुनी? देवानं सांगितलं म्हंजे बा बी गप आनि पोरगं बी गप. कुनी हरलं न्हाय, कुनी जितलं न्हाय.”

वकिलांनी जोडे काढले आणि ते देवळात गेले.

गाभाऱ्याच्या दाराशी मष्णू गुरव बसला होता. बारीक अंगाचा, झोपाळू डोळ्यांचा म्हातारा. एकेक बाप आपलं पोर घेऊन पुढं येई. मष्णू बापाचं म्हणणं मोठ्यानं ऐकून घेई. मग पोराला जवळ ओढून त्याच्या तोंडाशी कान नेई, मान हलवी, आणि पाकळ्या भिजवायला घेई. “बा रवळनाथा, जांबगाळीच्या राजा, ह्या लेकराच्या मनात काय हाय ते तुला ठावं हाय, बापाच्या मनात काय हाय ते बी ठावं हाय. तुजा हुकूम असंल तो सांग!” आणि मागून सगळे म्हणत, “व्हय म्हाराजा!”

परशरामरावांनी दोन कौल बघितले, आणि तिसऱ्याला त्यांचे वकिली डोळे उघडले. मष्णूचा हात एक पाकळी पाण्यात नीट बुडवत होता आणि दुसरी नुसती दाखवून काढत होता. भिजकी पाकळी दगडाला चिकटून बसायची, कोरडी आधी गळायची. कुठली कोरडी ठेवायची ते पोरानं कानात सांगितल्यावर ठरायचं. पोराला शिकायचं असेल तर देव शीक म्हणायचा. शिकायचं नसेल तर देव म्हशी राख म्हणायचा. ते मास्तरांच्या कानाशी लागून म्हणाले, “मास्तर, ही चक्क फसवणूक आहे. चारशेवीस कलमात बसेल.”

ज्योतिबा मास्तर दबक्या आवाजात म्हणाले, “बसंल की. पण साहेब, पोराचं ऐकायचं म्हटलं की बापाला कमीपणा वाटतो. देवाचं ऐकायला कुणाला कमीपणा वाटत नाही. आमच्या गावात पोराला विचारणारा एवढा एकच मनुष्य आहे, म्हणून मी गप्प बसतो.”

परशरामरावांनी ही गोष्ट बार रूममध्ये कशी रंगवून सांगायची ते तिथल्या तिथं ठरवून टाकलं. पण जांबगाळीची आणखी एक रीत त्यांना ठाऊक नव्हती. कौल संपल्यावर भरमू पाटील वळून म्हणाला, “आता पावन्यांनी एक कौल लावा. देवळात येऊन काय न इचारता गेलं तर देव रागावतोय.”

“मला काही विचारायचं नाही.”

“असं कसं? मानसाला काय तरी असतंयच की.”

आणि डॉक्टर सुबराव, ज्यांच्या पोटात एक आणि ओठात एक असं कधी नव्हतं आणि ज्यांनी वेशीवरचं ते उत्तर ऐकलं नव्हतं, ते हसत म्हणाले, “अहो, विचारा की शामूचं! कॉलेज की कारखाना? घरात एवढं धुमसतंय, लावून टाका निकाल!”

“शामू कोन?” भरमू पाटलानं विचारलं.

“यांचा मुलगा. अहो, तोच की बाहेर, मोटारीपाशी.”

देवळातली माणसं दाराकडं वळली. भरमू पाटलाचा चेहरा पडला. “तुमचा ल्योक? आनि आमी त्येला भाईर गाडीवानांत वाढलो?” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “सायब, तुमी सांगायचं तरी. आमच्या हातनं केवडी चूक झाली.” चूक कुणाच्या हातनं झाली होती ते सगळ्यांना कळलं होतं. त्या माणसानं ती आपल्या अंगावर घेतली. लाज वाटणं म्हणजे काय ते वकिलीत विसरायला होतं, ते परशरामरावांना त्या गाभाऱ्यापुढं आठवलं.

शामूला बोलावणं गेलं. तो येईपर्यंत परशरामरावांनी सगळा विचार करून घेतला. हा पोरगा म्हाताऱ्याच्या कानात मोटार म्हणणार. म्हातारा डावी पाकळी कोरडी ठेवणार. देव नाही म्हणणार. एवढ्या लोकांदेखत देवाचं मोडता येणार नाही, आणि आपणच त्याला ड्रायव्हर म्हटल्यावर तर बोलायला तोंडच राहिलं नाही. केस हातातून गेली होती. आणि नवल असं, की गेल्याचं फार वाईट वाटत नव्हतं. बरंच झालं, त्यांनी मनाशी म्हटलं. कंग्राळीत सांगता येईल, मी वकीलच करणार होतो, रवळनाथानं नाही म्हटलं. यशोदा तरी धड जेवायला वाढेल. आपण हरलो नाही आणि पोरगं जिंकलं नाही. पाटील काही अगदीच चुकीचं बोलला नव्हता.

शामू हात धुऊन आला आणि खाली मान घालून उभा राहिला. परशरामरावांनी अर्जाची भाषा वापरून प्रश्न सांगितला, “सदर मुलानं कॉलेजात जाऊन वकील व्हावं किंवा कसं?” मष्णूनं शामूला जवळ घेतलं, तोंडाशी कान नेला. ऐकलं. मान हलवली नाही. पुन्हा काही तरी विचारलं, पुन्हा कान नेला. मग एकदा परशरामरावांकडं बघितलं आणि पाकळ्या भिजवायला घेतल्या.

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

परशरामराव डाव्या खांद्याकडं डोळे लावून होते. उजवी पाकळी गळाली.

“उजवी! उजवी दिली!” एकच गलका झाला. भरमू पाटलानं आनंदानं वकिलांचे दोन्ही हात धरले. “वकिलाचा ल्योक वकील! देवानं राखली, सायब!” कुणी तरी नारळ फोडला. डॉक्टरांनी शामूची पाठ थोपटली आणि जरा चमकून त्याच्या तोंडाकडं बघितलं.

गर्दी ओसरल्यावर परशरामरावांनी मष्णूला खांबाआड गाठलं. “काय सांगितलं त्यानं तुला?”

“देवाफुडचं बोलनं हाय, सायब. सांगू नये.”

“तुझी कोरडी पाकळी मी बघितली आहे. काय सांगितलं?”

म्हाताऱ्यानं उपरण्याला हात पुसले. “म्हनला, आप्पांच्या मनासारकं हुंदे. म्हनला, मी कॉलेजात गेलो तर त्यास्नी चार लोकांत माजी लाज वाटायची न्हाय.” त्यानं उपरणं खांद्यावर टाकलं. “माजा इस्वास बसंना. मी दोनदा इचारलो.”

परशरामरावांनी देवळाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीकडं बघितलं. मग वकील जागा झाला. “पुन्हा लाव. प्रश्न नीट मांडला गेला नाही.”

“एका कामाला एकच कौल, सायब. आनि परत लावला तरी पोरगं त्येच सांगंल की.”

“मग आता?”

“आता काय?” म्हातारा म्हणाला. “देवाला मदी घालायचं त्ये बाला बोलता येत न्हाय म्हनून. तुमास्नी तर लई चांगलं बोलता येतंय. तुमीच सांगा त्येला.”

परतताना परशरामराव मागं बसले नाहीत. पुढं शामूशेजारी बसले. डॉक्टर मागच्या सीटवर पाय पसरून ओढ्यापर्यंत पोचायच्या आतच घोरू लागले. ऊन उतरलं होतं, रस्ता मोकळा होता, आणि ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. बोलायचं तर याच्याहून चांगली वेळ नव्हती. वाक्यही तयार होतं, बेळगावापासून खानापूरपर्यंत साऱ्या बापांकडून त्यांनी ते पाठ करून घेतलं होतं. बाळा, तुला काय व्हायचंय? एवढंच. त्याच्याआधी आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं, दुपारच्या त्या एका शब्दाबद्दल. ते तयार नव्हतं, पण तेही जमलं असतं.

त्यांनी तोंड उघडलं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाच त्यांना जाणवलं, की मघापासून आपल्या पोटात लाजेच्या शेजारी आणखी काही तरी बसलंय, आणि ते आनंदासारखं आहे. पोरगा वकील होणार होता. कंग्राळीत पुन्हा हलगी वाजणार होती. कुणाशी भांडावं लागलं नव्हतं, देवाची सही झाली होती, आणि आता हे सगळं आपल्याच तोंडानं मोडायचं होतं.

“आप्पा,” रस्त्यावरची नजर न हलवता शामूनं विचारलं, “कॉलेज कवा उघडतंय?”

शामूचे हात चाकावर होते. दुपारी घासून धुतलेले, नखांत मात्र अजून काळे. परशरामराव त्या हातांकडं बघत राहिले. एक वळण गेलं, दुसरं वळण गेलं.

“वीस जूनला,” ते म्हणाले.

“बरं,” शामू म्हणाला, आणि त्यानं गाडी जपून उताराला घातली.